धुरपदाबाई आज किती वेळा बोलल्या

जयश्रीने सासूचा अंगठा निळ्या शाईच्या पॅडवर टेकवला, जरासा फिरवला आणि कागदाच्या तळाशी दाबला... आणि त्या क्षणी धुरपदाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू भर बाजारात कुणी परक्याने त्यांचा हात धरला होता आणि तो सोडवून घेण्याचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"कसाना कागद शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"मन्हा अभ्यासना. काही नही, आत्याबाई, फक्त अंगठा लागस."

धुरपदाबाईंनी पदराने अंगठा पुसला, शाई गेली तरी पुसतच राहिल्या. जयश्रीला घाई होती. कागदाचा फोटो काढून तिने तो समुद्रापलीकडच्या कॉलेजला पाठवला आणि नव्या वहीत लिहिलं:

*दिवस पहिला. वर्तन – आपणहून बोलणं. संख्या – अकरा.*

रकान्यात न मावलेलं

सुरतेच्या दिंडोळीतल्या दोन खोल्या. नवरा, योगराज, पलसाण्याला कपडे रंगवणाऱ्या मिलमध्ये, राहायलाही तिथेच. पंधरा दिवसांनी एका रविवारी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मुलगी वर्षा बारडोलीला नर्सिंगच्या होस्टेलवर. उरल्या सासू आणि सून. बोळात यंत्रमागांची खडखड इतकी, की घरातली शांतता बाहेर कुणाला ऐकूच जाऊ नये!

जयश्री विशेष मुलांच्या एका केंद्रात मदतनीस होती, सकाळपासून दुपारपर्यंत. मुलांना जेवू घालायची, पुसायची, बुटांचे बंद बांधायची. एखादं मूल का चावतं, का डोकं आपटतं, हे मात्र नेहमी दुसऱ्याच बाई सांगायच्या. तिच्या मनात फार आतून काही तरी धुमसत होतं... अमळनेरला बी.ए.चं दुसरं वर्ष सुरू असताना तिचं लग्न लावून दिलं होतं, तेव्हापासूनचं. म्हणून तिने वर्तनशास्त्राच्या ऑनलाइन असोसिएट पदवीला नाव घातलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, तिला तिसरं वर्ष लागलं. कानात इयरफोनची वायर, आणि मोबाइलवर चौकोनात दिसणारे चेहरे तिचे सोबती. त्यांच्याकडे रात्र असायची तेव्हा हिच्याकडे दुपार. ती बोलायला लागली की नेमकं नेट जायचं.

आता एकच प्रकल्प उरला होता. घरातल्या एका माणसाचं एक वर्तन चौदा दिवस मोजायचं. आधी काय घडलं, मग माणसाने काय केलं, नंतर काय झालं, एवढंच लिहायचं. मध्ये पडायचं नाही. त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमती हवी, त्यासाठीच तो अंगठ्याचा कागद. प्रकल्प पास झाला की केंद्रातली सहायक थेरपिस्टची जागा तिची, असं केंद्राच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. महिनाअखेरपर्यंत थांबू म्हणाल्या होत्या, त्यापुढे नाही.

*दिवस चौथा. आधी – दुपारचा चहा समोर ठेवला. वर्तन – कप परत सरकवला. "आते सवय मोडनी पडी" असं म्हणाल्या. नंतर – चहा गार झाला. संख्या – सहा.*

*दिवस सहावा. आधी – काही नाही. वर्तन – स्वतःची गोधडी धुतली, घडी करून कोपऱ्यात ठेवली. रात्री चादरीवर झोपल्या. संख्या – तीन.*

*दिवस सातवा. आधी – काही नाही. वर्तन – पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी आत, बाकीची बाहेर. संख्या – दोन.*

अभ्यासक्रमाच्या बाईंनी अर्ध्या वाटेवरचा आलेख मागवला होता. अकरा, नऊ, नऊ, सहा, चार, तीन, दोन. रेघ पायऱ्या उतरल्यासारखी खाली आली होती. बाईंनी लिहिलं, फार स्वच्छ आलेख आहे, असाच चालू ठेवा, मध्ये पडू नका. ते वाचून जयश्रीला आनंद झाला... हो, आनंद! पुढे कित्येक दिवस तिने स्वतःला या एका गोष्टीची क्षमा केली नाही.

*दिवस नववा. संख्या – शून्य.*

त्या दिवशी ती नळावर पाणी भरत होती. शेजारच्या मालतीबाईंनी आपली बादली पुढे सारली नाही, मागेही घेतली नाही.

"काय गं, सासूला कुठे पोचवतेयस?" त्यांनी विचारलं.

जयश्रीला वाटलं, थट्टा आहे.

"मला विचारत होती, तिकडे आंघोळीला गरम पाणी देतात का म्हणून."

"तिकडे म्हणजे?"

"वृद्धाश्रमात, दुसरं कुठे! ते मला काय विचारतेस? अंगठा तू घेतलास," मालतीबाई म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

जयश्री उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आत धुरपदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेटी शेजारी, पेटीवर चष्म्याची डबी. गाडीची वाट पाहणारं माणूस बसतं, तशा. पाच दिवस उरले होते. आता आत जाऊन एक शब्द जरी विचारला तरी चौदा दिवस मोडणार होते, आणि चौदा दिवस मोडले की महिनाअखेर हुकणार होती... तिच्या हातातली कळशी जड होत गेली. मुलांची तोंडं पुसण्यात गेलेली चार वर्षं, चौकोनातले चेहरे, केंद्रातली ती खुर्ची, सगळं तिने त्या उंबऱ्यावर एकदा नीट पाहून घेतलं.

मग ती आत गेली, सासूसमोर जमिनीवर बसली आणि कुठे निघालात म्हणून विचारलं.

"तूच सांग. कव्हय लेवाले येतीन माले?"

आवाजात राग नव्हता. रागाचा जयश्रीला आधार वाटला असता. कुणीही येणार नाही, कुठेही जायचं नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि धुरपदाबाई मान हलवत राहिल्या. लहान मूल खोटं बोलतं तेव्हा मोठी माणसं हलवतात तशी.

"रघुनाथनी बी असाच अंगठा लिन्हा व्हता," त्या म्हणाल्या. "तो बी म्हणे, काही नही, फक्त अंगठा लागस."

रघुनाथ म्हणजे धाकटा दीर. गावातलं घर त्याच्या नावावर झालं आणि म्हातारी सुरतेला आली, एवढंच जयश्रीला ठाऊक होतं. कसं झालं, ते तिने कधी विचारलं नव्हतं. आणि आठ दिवसांपूर्वी, त्याच शब्दांत, तोच अंगठा...

"मंग तुम्ही माले काबरं दिन्हा?" तिने विचारलं.

धुरपदाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "दोनच खोल्या शेतस. तू दुपारभर कानमा वायर घाली बठस. माले वाटनं, मन्हा आवाजना तुले तरास व्हस. म्हटलं, जाऊ दे. तुन्हा जीव तरी मोकळा व्हई."

जयश्री उठली. तिने तो कागद आणला आणि आठ दिवसांपूर्वी करायचं होतं ते केलं. एकेक ओळ आपल्या अहिराणीत, सावकाश वाचून दाखवली. यात घर नाही. यात जाणं नाही. तुम्ही किती बोलता ते मी मोजणार, एवढंच आहे. शेवटची ओळ होती, तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, त्याने तुमचं काही नुकसान होणार नाही. ती ओळ धुरपदाबाईंनी दोनदा वाचायला लावली. सत्तर वर्षांत पुष्कळ कागदांवर त्यांचा अंगठा उठला होता, पण अशी ओळ त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती.

"खरंच लिखेल शे?"

जयश्रीने मान हलवली.

"मंग नही," धुरपदाबाई म्हणाल्या. "मी काय मोजाले ठेयेल वस्तू शे का?"

*दिवस दहावा. संमती मिळाली नाही. कधी मिळालीच नव्हती. आधी – सुनेने कानात वायर घातली. वर्तन – सासूने बोलणं थांबवलं. नंतर – सुनेचा अभ्यास छान झाला.*

एवढं लिहून तिने कॉलेजला कळवलं, आधी पाठवलेलं सगळं काढून टाका. उत्तर फार सभ्य आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार होते, आणि प्रकल्प नव्याने, पुढच्या सत्रात, सहा महिन्यांनी. केंद्रातली जागा किरण नावाच्या मुलीला मिळाली. तिला सगळ्या मुलांच्या सवयी जयश्रीनेच समजावून सांगितल्या. योगराज फोनवर म्हणाला, अंगठा उठला होता ना, मग पाठवून द्यायचं होतं, तिकडे कोण तपासायला येतंय. जयश्रीने त्याला जेवलात का विचारलं आणि फोन ठेवला.

ज्याला रकानाच नाही

पेटी पुन्हा खाटेखाली गेली, गोधडी अंगावर आली. पण बोलणं कुठे असं बोलावल्याबरोबर येतं? आता जयश्रीच्या कानांत वायर नव्हती आणि ऐकायलाही काही नव्हतं. एक दुपार गेली, दुसरी गेली... दोघी एकमेकींना सांभाळून घरात वावरत होत्या, तेवढंच.

पाचव्या दुपारी ती ओट्याशी ताट घेऊन जेवत होती. खाटेवरून आवाज आला.

"तू उभ्यानी खास."

जयश्री थांबली.

"रोज. घरमा कोणी नही ना, मंग बठानं कोणासाठे?" धुरपदाबाई भिंतीकडे पाहत बोलत होत्या, जणू तिथे लिहिलेलं वाचत होत्या. "न्हानीमा नळ सोडीसन रडस. माले वाटे, जाऊ, ईचारू. पन सुनना न्हानीमा सासू कशी जाई? योगराज येवाना दोन दिवस आगोदर तू केस धोस. तो येस आनि घोरस." त्या जरा थांबल्या. "आनि भेंडी तुले आवडत नही, तरी मन्हासाठे करस."

"आवडस," जयश्री म्हणाली. "तुम्हले पुरावी म्हणून मी लेत नही."

धुरपदाबाईंनी तोंड फिरवून तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं एका छताखाली पाहिलेलं, त्यातलं एवढं एकच चुकलं होतं.

"पागल शे," त्या म्हणाल्या. खाटेवरून सावकाश उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवत जमिनीवर बसल्या आणि आपल्या समोरची फरशी हाताने झाडली. "बठ आठे. ताट ली ये."

जयश्री ताट आणि भेंडीची कढई घेऊन बसली. धुरपदाबाईंनी कढई ओढून भेंडी तिच्या ताटात वाढली, सगळी, आणि हात मागे न घेता ती जेवायला लागण्याची वाट पाहत राहिल्या. किती वर्षांत कुणी तिला जेवताना पाहिलं नव्हतं... तो पहिला घास तिने फार सावकाश खाल्ला, आणि तोवर धुरपदाबाई तशाच बसून होत्या.