पक्ष्यांनी सोडलेली जागा

दर हिवाळ्यात एक दिवस चष्मेवाला दुकानाला कुलूप लावून किनाऱ्यावर पक्षी मोजायला जायचा. जोडीला थोरला भाऊ असे. पद्धत ठरलेली होती. थोरल्याने सावकाश चिखलात पुढे जायचं, त्याला पाहून पक्षी बाजूला सरकायचे, मागच्या रांगा उघड्या पडायच्या आणि धाकट्याने बांधावरून दुर्बिणीतून त्या मोजायच्या. गेल्या हिवाळ्यात थोरला पुढे गेला तो परत आलाच नाही. चिखलाने पाय धरले, वर भरती आली. देहसुद्धा हाती लागला नाही. मी नको म्हणत होतो, तो एकटाच गेला, असं चष्मेवाल्याने सगळ्यांना सांगितलं. लोक हळहळले, खोटं पचलं. त्याला मात्र वर्षभर अन्न पचत नव्हतं.

यंदा तो जाणारच नव्हता. पण वहिनी सकाळी थर्मास आणि वही घेऊन दारात उभी राहिली. जन्मात कधी चिमणीकडे मान वर करून न पाहिलेली बाई म्हणाली, चला. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

बांधावर बोचरा वारा होता. ओहोटीने उघडा पडलेला चिखल शिशासारखा चमकत होता आणि त्यावर हजारो तुतवार चोची खुपसत होते. तो आकडे सांगत होता, वहिनी लिहीत होती. दुपार कलली तेव्हा त्याला थव्यात एक मोकळं वर्तुळ दिसलं.

त्याने काच पुसली. दुर्बिणीवर विश्वास बसेना म्हणून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. वर्तुळ हलत होतं. माणूस वीस पावलांवर आला की तुतवार सरकतात, तसे ते सरकत होते, आणि मागचे पुन्हा जागेवर येत होते. मधे कुणीच नव्हतं. चिखलावर पाऊलही उमटत नव्हतं. चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चार पावलं. ती चाल त्याला चांगलीच ठाऊक होती.

ससाणा असेल वरती, तो पुटपुटला. ससाणा आला की अख्खा थवा उडतो, हे त्यालाच पक्कं माहीत होतं.

वहिनीने वही मिटली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"एकटे गेले नव्हते ते," ती म्हणाली. "'अजून दहा पावलं जा, मागची रांग दिसत नाही.' असंच म्हणालात ना, भाऊजी?"

शब्द न् शब्द तोच होता. त्या दिवशी बांधावर त्याच्याशिवाय चिटपाखरूही नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "भरती मला दिसत होती, वहिनी. मोजणी अर्ध्यावर सोडवेना."

त्याला रडू फुटलं. लाज वाटली आणि हलकंही वाटलं. वहिनी ना चिडली, ना रडली. तिने दुर्बिणीचा स्टँड नीट रोवला.

"मग आज पुढे तुम्ही व्हा. मी बघते इथून."

त्याने बूट काढले. का गेलास, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. थोरल्याने बोलावल्यावर तो लहानपणापासून कधी थांबला नव्हता, एवढंच.

चिखल बर्फासारखा गार होता.

वर्तुळ आता हलत नव्हतं.

तो काठाशी पोचला. पक्षी उडाले नाहीत. त्यांनी त्याला आत येऊ दिलं आणि ते मागून पुन्हा दाटीने उभे राहिले.

दूरवर पाण्याची सळसळ सुरू झाली.

मग समुद्राच्या बाजूचे पक्षी, कसलीही घाई न करता, दोन्हीकडे सरकू लागले. दोघांना शेजारी शेजारी चालता येईल एवढी वाट झाली.