तारखेखालची रेघ

आई गेल्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी चारला, हॉस्पिटलच्या सिस्टर उरलेल्या पट्ट्या न्यायला येणार होत्या. दुखण्यावरच्या औषधी पट्ट्या. पाठीला चिकटवायच्या, तीन दिवसांनी बदलायच्या, उरल्या तर परत करायच्या. नऊ उरल्या होत्या. मी आठ सांगणार होतो.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन वर्षांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पडलो आणि कंबर गेली. गोळ्यांनी मला उभं केलं, खोटं कशाला बोलू? मग डॉक्टरांनी त्या एकदम बंद केल्या. म्हणाले, "सवय लागलीय तुम्हाला." लागली होतीच. पण दुखत होतं तेही खरं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. घामाने चादर भिजायची, हाडं कुणीतरी पान्याने पिळतंय असं वाटायचं.

त्यातच आईच्या हाडांत कॅन्सर निघाला आणि पट्ट्या घरात आल्या.

आई शाळेत बाई होती. पट्टी लावताना तिच्यावर तारीख घालावी लागते. ते काम तिने मला कधीच करू दिलं नाही. "आण इकडे. तुझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला." मांडीवर पाटी घेऊन ती तारीख लिहायची, खाली रेघ मारायची, फळ्यावर मारायची तशी. मग माझ्याकडे पाठ करायची.

एके दिवशी मी तिच्या हातात साधी पट्टी दिली. जखमेवर लावतात ती, त्याच रंगाची. औषधाची माझ्या खिशात होती.

आईने ती बोटांनी चाचपली.

"ही जाड लागतेय रे."

"कंपनी बदललीय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तारीख लिहिली, रेघ मारली आणि पाठ केली. "लाव."

त्यानंतर दर वेळी मी तेच केलं, आणि तीन महिने ती झोपली नाही. कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून उशीचा कोपरा तोंडात धरायची. मी बाहेर रेडिओ मोठा करायचो. सिस्टरना मी ताकास तूर लागू दिली नाही, आणि तिनेही नाही. मी नीच माणूस आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तर चौथा दिवस. सिस्टर यायच्या आत मी नववी पट्टी छातीवर लावली, वरून शर्टाची बटणं लावली आणि वाट पाहत बसलो. उतार पडेना. उलट कळ चढत गेली, पण कंबरेत नाही. खुब्यात, बरगड्यांत, आईचं दुखायचं तिथे. दोन्ही खांद्यांच्या मधे, माझा हात पोचत नाही तिथे, कातडी ओढल्यासारखी वाटू लागली.

सिस्टर आल्या तेव्हा मी जमिनीवर होतो.

"पाठीत... बघा ना... काहीतरी आहे."

त्यांनी शर्ट वर केला.

"ही साधी पट्टी इथे कुणी लावली तुम्हाला? तारीखही घातलीय. आजचीच." त्या जराशा हसल्या. "खाली रेघसुद्धा मारलीय."

मी छातीवर हात फिरवला. तिथे काही नव्हतं.

"सिस्टर, मला द्या एक. पाया पडतो. आईच्या त्या आठ आहेत..."

"तसं नाही देता येणार हो. डॉक्टरांकडे नेते तुम्हाला, ते बघतील. उठता येतंय का?" त्यांनी काखेत हात घातला आणि मधेच थांबल्या. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"आत कुणी झोपलंय का?"

मलाही ऐकू येत होतं. संथ, गाढ घोरणं. तीन महिन्यांत न ऐकलेलं.

"हळू बोला," मी म्हणालो, आणि शर्टाची बाही तोंडात धरली.