तू आत येशील का?

"उठा... अहो, उठा ना!"

प्रमोदने डोळे उघडले तेव्हा त्याला आधी छताचा पंखा दिसला, मग निळ्या पताका, आणि मग अगदी जवळ वाकलेला एक घामेजलेला चेहरा. चेहरा हसू दाबत होता.

"झालं का रक्त काढून?" त्याने विचारलं.

"काढून? सुई अजून टोचलीसुद्धा नाही. शेजारच्या काकांची पिशवी भरताना बघितलीत आणि आडवे झालात."

"मी आडवाच होतो."

"मग आणखी आडवे झालात."

चौदा एप्रिलचा दिवस होता. पर्वत पाटियाजवळच्या हॉलमध्ये जयंतीचं रक्तदान शिबिर भरलं होतं. तो वाकलेला चेहरा विशाखाचा. जवळच्याच एका लहान प्रसूतिगृहात नर्स, पाच वर्षं लेबर रूममध्ये काम करणारी. प्रमोद इच्छापोरच्या कारखान्यात फिटर. मोठमोठी यंत्रं खोलून पुन्हा जोडणारा माणूस, पण त्या क्षणी लिंबू सरबताचा ग्लास विशाखालाच धरावा लागला.

"एवढं काय घाबरायचं?" ती म्हणाली.

"मशीनमधून रक्त येत नाही हो, सिस्टर."

सरबत संपलं, तरी तो पडूनच राहिला. तिने दोनदा येऊन पाहिलं.

"चक्कर गेली का?"

"थोडी आहे... अजून."

"सलाईन लावू? सुई जरा जाड असते."

तो ताडकन उठून बसला आणि विशाखाला इतकं हसू आलं, की तिला पदराआड तोंड लपवावं लागलं.

चार दिवसांनी तो प्रसूतिगृहाच्या दारात उभा होता. "तुमचा रुमाल हॉलमध्ये राहिला होता."

विशाखाने रुमाल उलटासुलटा केला. "यावर किमतीचं लेबल आहे."

"हो... ते काढायचं राहिलं."

तिने रुमाल परत दिला नाही. घडी करून खिशात ठेवला.

मग त्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोनला तिची पाळी सुटली, की समोरच्या दुकानाच्या बाकावर थंड कोकोचे दोन ग्लास दिसू लागले. बोलणं 'अहो-जाहो'तच चालायचं. एकदा लोचोच्या गाडीवर त्या मऊ, ढोकळ्यासारख्या पदार्थाची वाफाळती बशी त्याच्या हातात आली. तो घाईने तोंडात टाकणार, तेवढ्यात ती म्हणून गेली, "अरे, फुंकून खा!"

त्याचा घास हातातच राहिला. गाडीवाला कांदा चिरत होता.

"पुन्हा म्हण ना," प्रमोद म्हणाला.

"काय?"

"खा... म्हण."

"गार होईल आता," ती म्हणाली आणि उगाचच रस्त्याकडे बघू लागली.

जुलैत प्रमोदची आई केशरबाई त्याला घेऊन विशाखाच्या घरी आली. विशाखाचे वडील काशीराम रेल्वेतून निवृत्त झालेले. जय भीम झाला, पोहे झाले, नात्यागोत्याची ओळख निघाली. सगळं जुळत आलं होतं. तेव्हा विशाखा म्हणाली, "मला एक विचारायचं आहे."

काशीरामांनी कपाळाला हात लावला. काय विचारणार ते त्यांना ठाऊक होतं. याच प्रश्नापायी आधीची दोन स्थळं गेली होती. एका मुलाची आई पोह्यांची बशी तशीच ठेवून उठली होती. दुसरा मुलगा मोबाईलवरून मान वर न करता "हो हो" म्हणाला होता, म्हणून विशाखानेच नकार दिला होता.

"मी रोज बायकांच्या उशाशी असते," विशाखा म्हणाली. "कळ आली की त्या माझा हात धरतात आणि दाराकडे बघतात. नवरा बाहेर फोनवर बोलत असतो. वर्षभरापूर्वी आमच्या डॉक्टर मॅडमनी नियम केला, बाईला हवं असेल तर तिचं एक माणूस आत येऊ शकतं. माझ्या वेळी माझा हात नवऱ्याने धरावा, असं मला वाटतं." तिने प्रमोदकडे पाहिलं. मोठ्यांसमोर पुन्हा 'अहो' आलं होतं. "तुम्ही आत याल का?"

"अगं माय!" केशरबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. "अजून साखरपुडा नाही आणि ही बाळंतपणापर्यंत पोचली! बाप्या माणसाचं तिथं काय काम? पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जावई येतो बारशाला, नवे कपडे घालून."

विशाखा प्रमोदकडेच बघत होती.

"मला नाही जमायचं... बहुतेक," तो अखेर म्हणाला. "आमच्याकडे चालू मशीनपाशी ज्याचं काम नाही, त्याला उभं राहू देत नाहीत. बिनकामाचा माणूस मध्ये येतो आणि अपघात होतो. मला तिथलं काहीच काम येत नाही. वर मी पडणार. तुला टाकून सगळे मलाच उचलत बसतील."

त्याला वाटत होतं, त्याने तिच्या भल्याचं सांगितलं. तिला ऐकू आलं ते फक्त 'नाही'. हा मोबाईलमध्ये डोकं घालून बोलला नव्हता. विचार करून बोलला होता... म्हणूनच जास्त लागलं.

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली आणि बशा उचलू लागली.

तीन आठवडे बाकावर कोकोचे ग्लास दिसले नाहीत. प्रमोद दोनदा रस्त्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला. हो म्हणायचं तर खोटं बोलावं लागणार. नाही म्हणायचं तर ती जाणार. कारखान्यात त्याने एकच पट्टा दोनदा उलटा बसवला. सोबतचा हिलाल म्हणाला, "तुला मशीन नाही, सुट्टी पाहिजे."

ऑगस्टमध्ये प्रमोदची थोरली बहीण रंजना पहिल्या बाळंतपणाला नंदुरबारहून माहेरी आली. घराजवळचं प्रसूतिगृह तेच. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारच्या गाडीने तिचा नवरा महेश येऊन पोचला. वऱ्हांड्यातल्या बाकावर एका टोकाला तो बॅग मांडीवर घेऊन बसला, दुसऱ्या टोकाला प्रमोद. मध्ये केशरबाई. पार्किंगच्या पत्र्यावर पाऊस संथ वाजत होता.

लेबर रूमचं दार उघडलं. विशाखा बाहेर आली. तिने प्रमोदला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.

"रंजनाताईंना त्यांचे मिस्टर आत हवे आहेत."

"जावईबापू?" केशरबाई उठून दारातच उभ्या राहिल्या. "लोक काय म्हणतील? मी येते."

"मावशी, त्या तुम्हाला नाही बोलावत."

महेश उभा राहिला, बॅग छातीशी धरून. "मी... मी तिथं काय करू? मला काही येत नाही."

प्रमोदने झटकन वर पाहिलं. त्याचंच वाक्य होतं ते.

विशाखाने उत्तर महेशला दिलं, पण शब्दागणिक तिचे डोळे प्रमोदकडे वळत होते. "काही यावं लागत नाही. डोक्याशी उभं राहायचं. मध्ये पडदा असतो, पलीकडचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त त्यांच्या तोंडाकडे बघायचं. पाणी मागितलं तर द्यायचं. शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. आमची सगळ्यांची धावपळ असते. ते एक काम करायला तिथं कुणीच नसतं."

"काम आहे ते?" प्रमोदने विचारलं. तीन आठवड्यांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"तेच तर मोठं काम आहे," ती हळू म्हणाली.

प्रमोद उठला. "आई, बाजूला हो. दाजींचं काम आहे आत."

केशरबाई हलल्या नाहीत. लेकाकडे बघत राहिल्या. आतून रंजनाची हाक आली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तू झालास ना... कडोदऱ्याच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "तुझा बाप बाहेर ओट्यावर बसलेला. त्याला खोकला होता. सुईण काय सांगतेय इकडं माझं ध्यानच नव्हतं. मी तो खोकला ऐकत होते. जरा थांबला की वाटायचं, गेला की काय हा मला सोडून." त्यांनी महेशच्या हातातली बॅग काढून घेतली. "जा, जावईबापू. चपला इथं काढा."

पावणेदोन तासांनी महेश बाहेर आला. केस विस्कटलेले, शर्टाचं एक बटण गायब.

"मुलगी!" तो म्हणाला आणि रडायलाच लागला. केशरबाईंनी त्याला जवळ घेतलं, मग कानशिलावर बोटं मोडली, मग स्वतःही रडल्या.

"दाजी, चक्कर आली?" प्रमोदला सगळ्यात आधी तेच जाणून घ्यायचं होतं.

"आली ना. स्टूल दिलं त्यांनी. बसलो, परत उभा राहिलो. सिस्टर म्हणाल्या, पडायचंच असेल तर भिंतीकडे पडा, आमच्या पायात नको. रंजीने काय काय शिव्या दिल्या रे... पण मी दिसलो की ओरडायची थांबायची."

विशाखा बाहेर आली, तेव्हा ती उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होती. रंजनाने एक हात नवऱ्याचा धरला होता, दुसरा तिचा. बोटांवर लाल वळ होते.

"मला वाटलं, आत जायचं तर काहीतरी यायला पाहिजे," प्रमोद म्हणाला. "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? मला वाटलं, तुला यायचंच नाही."

"यायचं आहे. विशाखा, मी खोटं नाही बोलणार... मी पडेन बहुतेक. पण भिंतीकडे पडेन. आणि उठून परत उभा राहीन."

ती हसली. हसता हसता डोळे भरले, तशी तिने मान फिरवली.

"आधी लग्न तर कर," ती म्हणाली.

"तेच विचारतोय."

त्याने तिचा दुखरा हात हातात घेतला आणि एकेक बोट हलकेच दाबू लागला, सावकाश, सांधा न सांधा. तिने हात सोडवून घेतला नाही.

केशरबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी एकदा खाकरून पाहिलं. "चहा कोण आणतंय रे?"

प्रमोद जागचा हलला नाही. महेश आत पळाला होता, लेकीला बघायला. केशरबाईंनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि पायरीपर्यंत जाऊन थांबल्या.

"सूनबाई साखर किती घेते, तेवढं तरी सांगाल का कुणी?"

"कमी," प्रमोद म्हणाला. हात मात्र त्याने सोडला नाही.