मायगंधाचे दोन थेंब

चंद्रपुरात तेव्हा उद्याचं काही ठरवायची सोयच उरली नव्हती. पन्नास अंशांचं ऊन नेहमीचं झाल्यापासून कामाच्या वेळा घड्याळावर नव्हे, तापमानावर ठरत. अशा पाळीला उष्मापाळी म्हणत, आणि तिचा हुकूम आदल्या संध्याकाळी यायचा. वीजकेंद्रातल्या तृप्ती बोढेचा नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर होता, म्हणजे वारा पडला तरच घरी. अशा घरातली दोन महिन्यांची मिहिका उद्या कुणाकडे राहणार, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

म्हणून तृप्ती डॉक्टर देवतळेबाईंकडे गेली.

"तान्ह्या बाळाला आई आधी कळते ती वासाने," बाई म्हणाल्या. "एक रात्र तुमच्या अंगाशी कापूस ठेवायचा. त्यात उतरलेले गंधाचे रेणू ओळखून आम्ही हुबेहूब तोच वास तयार करतो. मायगंध. सांभाळणारीने पदराला दोन थेंब लावले, की बाळाला वाटतं आईच आहे."

"मग कुणीही चालेल?"

"कुणीही."

आणि खरंच चाललं. शेजारच्या मंदाकाकू, पाळणाघरातली ताई, नणंद, जी मोकळी असेल तिच्या कडेवर मिहिका खुशाल जायची. एप्रिलमध्ये केंद्रावरच दोन दिवस मुक्कामाला राहायचं बोलावणं आलं. जनित्रं एकामागून एक बंद पडत होती. दोन दिवसांचे आठ झाले, आठाचा पंधरवडा, आणि मग अख्खा उन्हाळाच तिकडे गेला. "पोरगी मजेत हाय," असं मंदाकाकू रोज फोनवर सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

जूनमध्ये तृप्ती घरी आली. पिशवी दारातच टाकून तिने हात पुढे केले. मिहिकाने एक श्वास घेतला, टाहो फोडला आणि काकूंच्या पदरात तोंड लपवलं.

"इसरली असन. लहान जीव हाय," काकू म्हणाल्या, पण त्यांना तृप्तीकडे बघवेना.

तृप्तीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"आईचा वास रोज थोडा बदलतो," बाई सांगू लागल्या. "खाणं, पाणी, दूध आटणं, सगळ्याने. बाळ जवळ असलं की त्याला तो बदल अंगवळणी पडत जातो. बाटलीतला वास मात्र त्या एका रात्रीचाच राहिला. आणि चेहरे रोज नवे, म्हणून तिने चेहऱ्यांचा नादच सोडलाय."

"पण बाई, आई मी आहे ना तिची!"

"आहात. पण तिच्या लेखी आई कुठे गेलीच नव्हती. तुम्हीच दोन थेंब लावून बघा."

काकूंनी बाटली पुढे केली. तृप्तीने गळ्याला थेंब लावले. मिहिका लगेच आली, मानेत नाक खुपसून दोन हुंदके देऊन शांत झाली. ज्या घडीसाठी उन्हाळाभर जीव टांगणीला लागला होता ती घडी आली, आणि तृप्तीला रडू कोसळलं. लेक आपल्याकडे आलेली नाही, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला आणि तृप्तीच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. मिहिकाने डोकं वर केलं, हुंगल्यासारखं केलं आणि ओठ काढला.

"काकू, बाटली!" तृप्ती घाबरून म्हणाली. "लवकर द्या जी, माझा वास यायला लागला."