सांध्याच्या आत

तंबाखूच्या दुकानात सिगारचं एकच रिकामं खोकं उरलं होतं आणि त्यावर दोन हात पडले. एक माझा. दुसऱ्या हाताच्या बाहीवर पांढरी पूड होती, हे मी आधी पाहिलं. चेहरा नंतर.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला. लगेच. जराही न अडता.

आता मला सांगा, पितळी बिजागरीचं, चारही कोपरे शाबूत असलेलं लाकडी खोकं कोणी असं हातचं सोडतं का? त्या खोक्यांसाठी मी दर मंगळवारी तिथे जाते आणि दर मंगळवारी कोणाशी ना कोणाशी वाजतं.

"तुम्हाला कशाला हवं होतं?" मी विचारलं.

"चिठ्ठ्या ठेवायला. तुम्हाला?"

"गिटार करायला."

"या खोक्याची?"

"याचीच. तीन तारांची."

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे… हेही मी पाहिलं, नाही असं नाही. "मग ती मलाच विका. म्हणजे खोकं माझ्याकडेच येईल."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आप्पा, म्हणजे माझे वडील, मला लहानपणापासून 'फौजदार' म्हणतात ते उगाच नाही. शेजारणीनं नवी बादली आणली तरी जुनीचं काय झालं, हे मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. आणि इथे तर एक अनोळखी माणूस खोकं सोडत होता आणि गिटार मागत होता.

तरी गिटार मी त्याला विकली. दोन आठवड्यांनी तो आला, तार छेडून पाहिली, "छान," म्हणाला आणि घेऊन गेला. पाठमोरा झाला तेव्हा त्याच्या खांद्यावरही ती पांढरी पूड होती. मशीनवर लाकूड घासलं की उडते तशी. आणि मशीन कोणाकडे होतं? दोन गल्ल्या सोडून, माझ्या आतेभावाकडे.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आमचं वर्कशॉप म्हणजे घरामागची लांबट खोली, दोन बाकं, एक खिडकी. खोक्याच्या गिटारी आप्पा तीस वर्षं करतायत. खोकं, तारा, भोकं हे कोणीही करील. खरं काम मानेचं. मान सरळ असते, पण तिच्या टोकाचा माथा, जिथे खुंट्या बसतात, तो मागे कललेला हवा, तरच तारा खाचेत दाबून बसतात. अखंड लाकडातून तो कल काढला तर माथा मोडतो. म्हणून मानेची पट्टी तिरकी कापायची, कापलेला तुकडा उलटायचा आणि उतारावर उतार ठेवून सरसानं चिकटवायचा. आप्पांचा तिरका सांधा असा की लाकूड मोडेल, पण सांधा सुटणार नाही.

चार महिन्यांपूर्वी आप्पांचा हात थरथरायला लागला आणि सांधा माझ्याकडे आला. त्याच सुमारास एका शाळेनं दिवाळीपर्यंत पंधरा गिटारी मागितल्या. दादानं, म्हणजे त्या आतेभावानं, लगेच येऊन सांगितलं, "मामा, मी मशीनवर आठवड्यात देतो. सपाट माथा, दोन स्क्रू, झालं काम."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "शाळा उघडेपर्यंत तुझा एकही सांधा परत आला नाही, तर पंधराही तुझ्या. आला, तर भाच्याच्या."

आणि गिटार नेल्यावर बारा दिवसांनी तो माणूस परत आला. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात तिचा माथा.

नशीब, आप्पा आत झोपले होते. मी दार लोटलं.

"पडली?"

"नाही."

"आपटली?"

"भिंतीवर टांगली होती. पाहतो तर मान खाली घातलेली. लाजली असेल."

मी हसले नाही. खिडकीशी जाऊन दोन्ही उतार पाहिले. पडून सुटलेला सांधा असा नसतो. पडला की लाकूड फाटतं, एका बाजूचे तंतू दुसऱ्या बाजूला चिकटून येतात. हे दोन्ही उतार गुळगुळीत होते, सरसाची पिवळी साय दोन्हीकडे सारखी. असा सांधा फक्त उष्णतेनं सुटतो. वाफ धरली तर, नाहीतर गरम सुरी घातली तर. आणि गरम सुरी कोण घालतं? ज्याला आत काय आहे ते बघायचं असतं तो.

"तुम्ही काम काय करता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हातानं करतो. तुमच्यासारखंच."

ताकास तूर लागू देईना. वर म्हणतो, "इथे बसलो तर चालेल? बघायला आवडेल मला."

मी बसवलं. नजरेसमोर असलेला चोर बरा. तो स्टुलावर बसून माझे हात बघत राहिला, आणि कोणी हात बघत असलं की ते आपलेच नाहीत असं वाटायला लागतं…

"हा उतार किती अंशांचा असतो?"

"असतो तेवढा असतो."

"बरं." तो पुन्हा हसला.

वाटीतल्या सरसात मी चार कण मीठ टाकलं. ही आप्पांची युक्ती. ओला सरस घसरतो, शिकंजा आवळला की वरचा तुकडा पुढे सटकतो. मिठाचे कण त्याला जागेवर धरतात. ही गोष्ट आमच्या घराबाहेर एकट्या दादाला ठाऊक आहे.

"मीठ?" तो पुढे झुकला. "आम्हीही घालतो. थोडंसंच, पण त्याशिवाय धरत नाही."

माझा हात तिथेच थांबला. "आम्ही म्हणजे कोण?"

तो काहीतरी बोलणार, इतक्यात आतून आप्पांचा खोकला आला. मी त्याला जवळजवळ ढकलतच मागच्या दारानं बाहेर काढलं. "उद्या या. आता जा." जाताना त्यानं चौकटीला हात लावला आणि मला त्याच्या मनगटावरचा डाग दिसला. आडवा, ताजा, भाजल्याचा. गरम सुरीचा नाहीतर कशाचा?

तो गेल्यावर मी पेन्सिलीला टोक केलं. उतारावर, जिथे सरस लागणार तिथे, बारीक अक्षरात लिहिलं: 'कोणी पाठवलं तुम्हाला?' मग सांधा चिकटवून आवळून टाकला. सरळ माणसाला ती ओळ जन्मात दिसली नसती. सांधा उघडणाऱ्यालाच दिसली असती.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिटार नेली. दारातच तीन सूर वाजवले, दोन चुकले.

"शिकवणार का?" तो म्हणाला.

"मी करते. वाजवत नाही."

"मग दोघंही अर्धेच."

त्यानंतरचे नऊ दिवस मी दाराकडे डोळे लावून काम केलं. तो परत आला तर माझा संशय खरा ठरणार होता आणि पंधरा गिटारी हातच्या जाणार होत्या. म्हणून तो येऊ नये असं वाटायचं. आणि कोणाच्याही पायांचा आवाज आला की हातातला रंधा थांबायचा. खरं सांगते, मला माझाच राग आला होता. संशयिताची वाट बघणारा फौजदार मी तरी ऐकला नाही.

दहाव्या दिवशी तो आला. या वेळी हसत नव्हता. बाकावर दोन्ही तुकडे ठेवले, उतार वर करून.

"हे माझ्यासाठी आहे?"

माझ्या ओळीखाली दुसरी ओळ होती. मोठं, वाकडं अक्षर: 'कोणी नाही. मीच येतो.'

"म्हणजे उघडलात तुम्ही," मी म्हणाले. आवाज कापत होता तो रागानं, असं मी स्वतःला सांगितलं.

"उघडला नाही. उघडला गेला."

"आपोआप? दोनदा? बाहीवर मशीनची पूड. मनगटावर गरम सुरीचा डाग. सरसात मीठ घालता, कोन विचारता. माझ्या दादानं पाठवलंय तुम्हाला."

"कोण दादा?"

"आता हेही मीच सांगू?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, चिडेल. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, जरा दुखावल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते मला जास्त लागलं. "चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"माझ्याकडे. झडती घ्या."

घेतली की! दोन तुकडे पिशवीत टाकून मी त्याच्या मागे निघाले. तो दादाच्या गल्लीकडे वळला नाही. उलट्या बाजूला, चौकापलीकडे, एका बुटक्या दारातून आत शिरला. आत शिरताच ताज्या पावाचा वास आला.

बेकरी होती. भिंतीशी पिठाची पोती, लांब टेबलावर पांढरी पूड, तशीच, बाहीवरची. कोपऱ्यात मिठाचा डबा. त्यानं भट्टीतून एक ट्रे ओढला आणि मला दाखवलं, ट्रेची कड मनगटाला नेमकी कुठे टेकते ते. टेबलावर एका दोऱ्यात पंचवीस-तीस चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या, तेलकट, कोपरे दुमडलेल्या. कशात किती पीठ, किती खमीर… चिठ्ठ्या ठेवायला खोकं हवं होतं, हे त्यानं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं.

मला तोंड कुठे लपवावं कळेना. पण खोड जाते थोडीच. "मग सांधा कसा सुटला?"

त्यानं समोरच्या भिंतीवरचा खिळा दाखवला. "इथेच असते ती. काम करताना समोर दिसावी म्हणून."

मी त्या भिंतीवर तळवा टेकला आणि चटकन काढून घेतला. "ही भिंत कशाची आहे?"

"भट्टीची पाठ. का?"

"सरस आम्ही गरम पाण्यावर वितळवतो. आणि तुम्ही सरसाची गिटार भट्टीच्या पाठीला टांगलीत!"

तो खिळ्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग आम्ही दोघंही इतके हसलो की मला टेबलाला धरावं लागलं आणि माझ्याही बाहीला पीठ लागलं.

"आणि कोन कशाला विचारत होतात?"

"दुसरं काय विचारणार? 'तुम्ही मला आवडता' म्हटलं असतं तर करवत घेऊन मागे लागला असतात."

मी पिशवी उचलली आणि घरी आले. पळाले म्हणा हवं तर.

आप्पांना न सांगता भागलं असतं. चूक भट्टीची होती, शाळा चार दिवसांवर होती, कोणाला कळलं नसतं. पण दिवसभर दुसऱ्यावर संशय घेणारी मी, आणि दोन आठवडे घरात लपवाछपवी कोण करत होतं? मी दोन्ही तुकडे आप्पांसमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. म्हणजे, सांध्याबद्दलचं सगळं.

आप्पांनी थरथरता अंगठा उतारावरून फिरवला. "केसभरही घसरलेला नाही. उष्णतेनं सुटलाय. यात तुझा दोष नाही." मग त्यांनी चष्मा लावला, तुकडा डोळ्यांजवळ धरला आणि दोन्ही ओळी वाचल्या. मी जमीन न्याहाळत होते.

"खालचं अक्षर कोणाचं?"

"बेकरीवाल्याचं."

"हं." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "लपवलंस ते मला आवडलं नाही. सांधा लपवायचा नसतो, त्यावर विश्वास टाकायचा असतो. आज तू आली नसतीस आणि मला उद्या कळलं असतं, तर ऑर्डर भाच्याकडे गेली असती." ते उठले. "पंधरा मानांचं लाकूड काढून ठेव. आणि यापुढे प्रत्येक गिटारीबरोबर चिठ्ठी द्यायची, भट्टीवर टांगू नये म्हणून. असा माणूस जगात एकच असेल, पण तो आपल्याला सापडलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गिटार न्यायला आला. मी सांधा मुद्दाम उघडा ठेवला होता. जुना सरस काढायला त्याच्यासमोर रंधा मारला आणि आमच्या दोन्ही ओळी लाकडाच्या पातळ सालीबरोबर वळून बाहेर आल्या. त्यानं ती साल उचलली आणि खिशात ठेवली.

"ती कशाला?"

"चिठ्ठ्यांत ओवतो."

मी त्याच्या हातात पेन्सिल दिली. "आत काय लिहायचं ते लिहा. मी बघत नाही."

"तुम्ही? बघणार नाही?"

"लिहा म्हटलं ना."

मी खिडकीकडे तोंड केलं. मागे पेन्सिल कुरकुरत होती. थांबायची, पुन्हा कुरकुरायची. एवढा वेळ? किती शब्द असतील? मान वळवायला एक क्षण पुरला असता. माझ्या मानेला तेवढा कल कधीच अवघड नव्हता. मी खिडकीचे गज मोजले. सात होते. पुन्हा मोजले.

"झालं," तो म्हणाला.

"आता सरस तुम्हीच लावा. पातळ. आणि मीठ."

"मीठ मला कळतं."

मी डोळे मिटून हात पुढे केले. त्यानं तुकडा माझ्या हातात दिला, त्याची बोटं उबदार होती, आणि मी चाचपडत उतारावर उतार बसवला. दोघांच्या हातांखाली तो एकदाही सटकला नाही. डोळे उघडले तेव्हा कडेनं सरसाचे बारीक थेंब आले होते आणि आतलं सगळं मिटलं होतं. मी शिकंजा आवळला.

"न वाचताच?" तो हळूच म्हणाला. "आता वाचायला सांधा उघडावा लागेल."

"माझा सांधा उघडत नाही. फक्त त्या भिंतीवर टांगायची नाही."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

मी हात पुसले. आयुष्यात पहिल्यांदा, समोरच्या माणसाबद्दल मला काहीही शोधून काढायचं नव्हतं.

"तू सांग," मी म्हणाले. "मी विश्वास ठेवीन."