सहीसाठी आलेला फोन

"ताबडतोब या. आमची सगळ्यात चांगली उमेदवार मुलाखतीच्या दारातून गायब झालीय," सल्लागार फोनवर म्हणाले. "यात मोठ्या साहेबांचा हात आहे. पण मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका."

जळूने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला.

ती पोलीस खात्याच्या अंतर्गत चौकशी विभागात इन्स्पेक्टर होती. एकदा चिकटली की सुटत नाही म्हणून खात्याने तिला हे नाव ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. चौकशी करायची, अहवाल लिहायचा, तो मोठ्या साहेबांच्या कपाटात जाऊन पडला की पुढच्या चौकशीला लागायचं, असं तिचं बरीच वर्षं चाललं होतं.

आता मोठे साहेब, म्हणजे खात्याचे प्रमुख, निवृत्त होत होते. सुधारणांच्या लाटेत त्यांची जागा पहिल्यांदाच सगळ्यांना खुली झाली होती. निवड मंडळात तिघे होते: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश, स्वतः मोठे साहेब, आणि खुल्या निवडीसाठी गावभर भाषणं केलेले सुधारणा सल्लागार. शेवटच्या फेरीत उमेदवारही तिघे उरले होते. एक साहेबांचे जावई, एक गुन्हेशास्त्राचे प्राध्यापक, आणि तिसरी म्हणजे महिला तुरुंगाची अधीक्षक. तिला सगळे जेलबाई म्हणत.

जळूचा अहवाल मागवून, वाचून, वर त्यावर चार शंका विचारणारी या जगात एकच व्यक्ती निघाली होती. ती म्हणजे जेलबाई. ती या खुर्चीवर यावी असं जळूला मनापासून वाटत होतं, आणि आता ती गायब झाली म्हणून जळूचा जीव नुसता जळत होता.

जळू पोचली तेव्हा जेलबाई परतली होती. व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. चेहरा रागाने लाल.

"कुठे गेला होतात?" जळूने विचारलं.

"माझ्या तुरुंगाकडे. चहाच्या सुट्टीत प्रतीक्षागृहातला फोन वाजला. तुरुंगाच्या दवाखान्यातला नवा कंपाउंडर बोलतोय म्हणाला. बराकीत एका कैदी मुलीचं तान्हं बाळ आहे. त्याला ताप चढलाय, फिट येताहेत, बाहेरच्या रुग्णालयात हलवायला तुमची सही हवी, लगेच या, असं म्हणाला."

"आवाज ओळखीचा होता?"

"तोंडावर रुमाल धरल्यासारखा होता. मी उलट फोन करून बघितलं नाही असं समजू नका. गाडीतून करतच होते. तुरुंगाची लाइन कधी मोकळी असते? लागला तेव्हा अर्धी वाट संपली होती. बाळ मजेत होतं. आईच्या मांडीवर खेळत होतं."

"म्हणजे सही लागणार नव्हती."

"सही तर कधीच लागत नाही. तो नियम मीच काढून टाकलाय. पण कंपाउंडर नवा. त्याला माहीत नसलं आणि तो सहीसाठी अडून बसला तर? तेवढ्यात पोर गेलं तर?" तिने मान फिरवली. "परत आले तर दारावर चिठ्ठी. नाव पुकारलं, उमेदवार गैरहजर, अपात्र."

जळू न्यायाधीशांकडे गेली. ते निकालाच्या कागदासमोर बसले होते.

"मला वाईट वाटतंय," ते म्हणाले, "पण पुकारल्यावर गैरहजर म्हणजे अपात्र, हा नियम आपणच केलाय. संध्याकाळी सही करून निकाल वर पाठवायचाय. त्याच्या आत काही ठोस आणलंत तर बघू."

सगळ्या खात्यात ठोस हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. ठोस काम मात्र जळूच्या वाट्याला यायचं.

प्रतीक्षागृहात प्राध्यापक आणि जावई एकमेकांकडे न बघता बसले होते.

"फोन आला तेव्हा तुम्ही दोघं कुठे होतात?"

"इथेच," जावई म्हणाले. "हे साक्षीला आहेत. मला काही यांचं कौतुक नाही, पण खरं ते खरं."

"घंटा कशी वाजली, आठवतं?"

"आखूड. दोनदोनदा," प्राध्यापक म्हणाले. "दचकलो होतो, म्हणून लक्षात आहे."

खालच्या टेलिफोन ऑपरेटरने पानसुपारी विचारावी इतक्या सहज उत्तर दिलं. "बाहेरचा फोन असला की लांब घंटा वाजते, मॅडम. आखूड म्हणजे इमारतीतूनच कुणीतरी लावलेला."

चहाच्या सुट्टीत मंडळाचे तिघेही आपापल्या खोलीत एकटेच होते. तिन्ही खोल्यांत फोन. जळू परत बाकाशी आली.

"त्या बाळाबद्दल इथे कुणाला माहीत होतं?"

"पहिल्या फेरीत मी सांगितलं होतं. बंद दाराआड, फक्त त्या तिघांना. कारकुनालाही आत घेतलं नव्हतं."

मोठे साहेब खोलीत सामान आवरत होते. जळूला बघताच त्यांनी हातातली वही खोक्यात आपटली.

"मीच केलं म्हणायला आलीस ना?"

"केलंत का, साहेब?"

"मला तिला पाडायचं असतं तर गुण कमी दिले असते. फोन कशाला करीन? आणि तिने पहिल्या फेरीत माझी शोभा केली, तरी मी तिला चांगले गुण दिलेत. जावयापेक्षा जास्त. घरी कळलं तर जेवण मिळायचं नाही."

"काय शोभा केली?"

"बाळाची गोष्ट सांगितली. पोर तापाने फणफणलं, सहीचा अधिकारी गावाला गेलेला, गाडी दारात उभी आणि कुणी हलेना. तिचा रोख माझ्याकडेच होता, मी पण सहीशिवाय पान हलू देत नाही. मग म्हणाली, दुसऱ्या दिवशी मी सहीच काढून टाकली, डॉक्टर म्हणाला की गाडी निघते. न्यायाधीशांनी टेबलावर हात मारून शाबास म्हटलं. आणि सल्लागार म्हणशील तर गाडी दारात उभी होती तिथपर्यंतच ऐकून उठले. कुठल्या वाहिनीवर सुधारणांबद्दल बोलायचं होतं म्हणे."

जळू उभ्या जागी थांबली. तिला जे कळलं ते तिला मुळीच नको होतं.

न्यायाधीशांच्या खोलीत तिने मंडळाला एकत्र बसवलं.

"फोन इमारतीतून आला. जावई आणि प्राध्यापक त्या वेळी फोनसमोर होते, म्हणजे ते सुटले," ती म्हणाली. "बाळाची गोष्ट फक्त तुम्हा तिघांना ठाऊक होती. आता फोन करणारा काय म्हणाला बघा. सही हवी. ज्याने गोष्ट पूर्ण ऐकली त्याला माहीत होतं की सही बंद झालीय. न्यायाधीशांनी त्यावर शाबासकी दिली. साहेबांनी आत्ता मला शेवट ऐकवला. हे खोटं रचताना दोघांपैकी कुणीही सही घातली नसती. ती घातली अर्धी गोष्ट ऐकून उठलेल्या माणसाने."

सगळे सल्लागारांकडे बघू लागले.

"हा काय पुरावा झाला?" सल्लागार म्हणाले.

"गोष्टीचा शेवट मी आत्ता सांगितला, सर. त्याच्या आधी तुम्हाला ठाऊक होता?"

सल्लागारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्राध्यापकांनी माझा आराखडा जसाच्या तसा राबवला असता. ही बाई एकेका ओळीला प्रश्न विचारते. मी या सुधारणांसाठी आयुष्य घातलंय. त्या कुणाच्या हातात द्यायच्या हे मी ठरवायचं नाही?"

"आणि संशय माझ्यावर," मोठे साहेब म्हणाले.

"तुम्ही केलंत यावर सगळ्यांचा विश्वास बसला असता." सल्लागार जळूकडे वळले. "आता सांगा बाहेर. निवड रद्द होईल, साहेबांना मुदतवाढ मिळेल आणि तुमचे अहवाल पुन्हा कपाटात जातील. हेच हवंय?"

ते खरं बोलत होते, हे जळूला कळत होतं.

"मुदतवाढ मी घेणार नाही," मोठे साहेब म्हणाले. "मी आजच लिहून देतो. मला घरी जायचंय."

न्यायाधीशांनी समोरचा निकाल उभा फाडला. "दोघांचं मंडळ नियमात बसतं. सल्लागार, तुम्ही बाहेर थांबा, तुमचा जबाब होईल. त्या बाईंना बोलवा."

जळू जवळजवळ पळतच बाकाशी गेली. जेलबाईने सगळं ऐकून घेतलं आणि पर्स खांद्याला लावली.

"मी चालले."

"कुठे?"

"घरी. तुमच्यातला चांगला म्हणवणारा माणूस आजारी पोराचं नाव घेऊन खोटं बोलतो. बाकीच्यांचं काय सांगावं? मला नको ही खुर्ची."

जळूला तिची समजूत कशी घालावी ते सुचेना. दिवसभर साठलेलं सगळं तोंडून बाहेर पडलं.

"बाई, मी फार थकलेय. मी लिहिते आणि कुणी वाचत नाही. माणसं मरतात, मी कोठडीतल्या मारहाणीचे फोटो लावते, आणि कुणी पान उलटत नाही. तुम्ही एकदा वाचलंत, वर फोन करून विचारलंत. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. तुम्ही गेलात तर मी कुणासाठी लिहू?"

व्हरांड्यातून कुणीतरी चहाचे कप नेले. मग जेलबाईने पर्स जळूच्या हातात दिली, रुमालाने तोंड पुसलं आणि न्यायाधीशांच्या दारावर टकटक केली.

"मी हजर आहे," ती म्हणाली.