दोनशे बियांतली एक गुंज

चाळीस नावं निघाली आणि त्यात आमच्या करवंदवाडीचं एकही नाही. आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय होणार?

नीट सांगते. मी सगुणा उघडे, वय अकरा. करवंदवाडी ही डोंगरावरची आमची ठाकरांची वस्ती. मोठी माणसं शंभर, बाकी आम्ही पोरं. खालचं तळगाव धरून सगळी मिळून मोठी माणसं वीस हजार. २०५८च्या उन्हाळ्यात तळगावच्या विहिरी सलग तिसऱ्या वर्षी आटल्या आणि साठवण तलाव खोदायचं ठरलं. कुठे, ते नागरिक सभा सांगणार होती (चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या साध्या माणसांची सभा, ती जाणकारांचं ऐकते, आपसात बोलते आणि मग ठरवते). नकाशावर लाल खूण होती आमच्या झऱ्याच्या वरच्या माळावर. तिथला खडक फोडला की झरा संपला. मग आम्ही प्यायचं काय?

चिठ्ठ्या काढायला नगरपंचायतीत एक यंत्रमानव होता. त्याला सगळे पंच म्हणत. शाळा सुटल्यावर मी तडक तिथे गेले आणि तोंडावर सांगितलं, तू लबाडी केलीस. तो रागावला नाही, त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला. लबाड माणसंसुद्धा अशीच गोड बोलतात. तो म्हणाला, ही यादृच्छिक निवड आहे (कुणाचंही तोंड न बघता केलेली निवड, प्रत्येक चिठ्ठीला सारखीच संधी). त्याने चिठ्ठ्यांत टाकलेल्या सगळ्या नावांची यादी दाखवली. मी बोट ठेवून वाडीची नावं मोजली. शंभरच्या शंभर होती, अगदी माझ्या आजाचंही, चिंधू उघडे.

"सगुणाताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका," पंच म्हणाला. "घरी करून बघा."

त्याने हिशोब समजावला. वीस हजारांत शंभर म्हणजे दर दोनशेत एक. म्हणून मी टोपलीत एकशे नव्याण्णव चिंचोके घेतले आणि एक लाल गुंज टाकली. डोळे मिटून चाळीस बिया काढल्या. गुंज नाही. सगळ्या परत टाकून, ढवळून पुन्हा काढल्या. नाही. तिसऱ्यांदा नाही, चौथ्यांदा नाही. पाचव्यांदा ती हाताला लागली. मला वाटलं टोपलीतच काही खोट आहे, म्हणून आजाला काढायला लावलं. तेच.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पंच खरा होता, नियम अपुरा होता. पुष्कळ माणसांच्या मनात काय आहे ते चिठ्ठी बरोबर दाखवते. थोडी माणसं मात्र तिच्यातून सहज निसटतात. आणि झरा तर त्या थोड्यांचाच होता.

आजा आणि मी टोपली घेऊन सभेत गेलो. चाळिसांपैकी जयश्रीबाई, तळगावात शिवणकाम करणाऱ्या, त्यांनी स्वतः तीनदा बिया काढल्या. तिन्ही वेळा गुंज नाही. त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी एक खुर्ची वाढवू या.

आजाने मान हलवली. "एका खुर्चीचं काय करू? तुम्ही हात वर करून मोजणार, चाळीस आणि एक. माळाचं ठरवायचं तर माळावर या आणि आमच्या रीतीने बसा."

आमची रीत अशी. एकाने जरी 'नको' म्हटलं, तरी बैठक उठत नाही. त्याचं का नको, ते सगळ्यांनी ऐकायचं. त्यात लहान-मोठं बघत नाहीत. पंच म्हणाला, हीच भागीदारी (नुसतं विचारणं नव्हे, ठरवण्यात बरोबरीचा वाटा). पंच शब्द छान वापरतो, पण मी लगेच भुलले नाही.

सगळे वर आले. पंचाची चाकं दगडात अडकली, त्याला उचलून आणावं लागलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आजाने माळावरची खेकड्यांची बिळं दाखवली. खेकडा ओल लागेपर्यंत खाली खणत जातो. भर मे महिन्यात तिथे बिळांची ओळच ओळ होती, थेट झऱ्यापर्यंत. म्हणजे खालून पाणी वाहत होतं. नकाशात हे नव्हतं, कारण आजाला कुणी विचारलंच नव्हतं. मग तलावासाठी ओढ्याकाठची पडीक जागा निघाली. तळगावला पाणी मिळणार होतं आणि आमचा झराही राहणार होता. सगळे हो म्हणाले आणि चपला घालू लागले.

मी म्हटलं, "नको."

आईने डोळे वटारले. पण रीत म्हणजे रीत. चाळीस माणसं उपाशीपोटी पुन्हा खाली बसली. मी विचारलं, पुढच्या वेळी नवीन माणसं येतील, ती हे सगळं विसरली तर? पंच नियम मोडणार नाही, पण नियमच कुणी बदलला तर?

"तर मी बदललेला नियम पाळेन," पंच म्हणाला.

मला भीती होती ती हीच. जयश्रीबाईंनी मग कागदावर लिहून घेतलं: वाडीच्या होकाराशिवाय माळाचा निर्णय नाही, आणि दर वेळी चिठ्ठ्या काढण्याआधी हा नियम वाडीत मोठ्याने वाचायचा. सगळ्यांनी सह्या केल्या. तेव्हा मी हो म्हटलं आणि माणसं जेवायला गेली.

आता उन्हाळ्यात तापणाऱ्या शाळांचं काय करायचं ते ठरवायला नवी सभा बसते आहे. पंच नियम वाचायला वाडीत आला. त्याला आता मोठी चाकं बसवली आहेत. त्याने विचारलं, अजून विश्वास नाही का?

मी टोपली पुढे ओढली आणि म्हटलं, थांब, आधी बिया मोजू दे.